चिखल, खडी आणि करवंदाची जाळी: ऑफ-रोडिंग करताना गाडीचा रंग वाचवायचा कसा?

जुलैचा रविवार. ताम्हिणीकडून परतलेली थार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. चाकांपासून आरशांपर्यंत तांबडा चिखल. फोटो काढून झाले, रील अपलोड झालं, लाइक्सही आले. गाडी मात्र तशीच राहिली, कारण सोमवारी ऑफिस होतं. बुधवारी सकाळी गाडी पुसणाऱ्याने रोजच्या सवयीने कोरडं फडकं फिरवलं. शनिवारी गाडी धुतली तेव्हा बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या आणि मागच्या चाकापुढच्या पत्र्यावर तीन-चार टवके उडालेले दिसले.

ऑफ-रोड गाडी घेणाऱ्या बऱ्याच जणांनी हा अनुभव घेतलेला असतो. २ ऑक्टोबर २०२० ला नवी महिंद्रा थार आली, जून २०२३ मध्ये मारुती जिम्नी आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स. पूर्वी मोजक्या हौशी लोकांपुरता असलेला हा छंद आता हप्त्यावर गाडी घेणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचला आहे. गाडी घेताना शोरूममध्येच प्रश्न येतो, "सर, कोटिंग करून घ्यायचं का?" नक्की कशासाठी, हे मात्र क्वचितच कुणी नीट सांगतं.

चिखल आणि खडी रंगाचं नेमकं काय करतात? पीपीएफ आणि सिरॅमिक यांत फरक काय? आणि कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा कशातून होतो? समजून घेऊया.

गाडीचा रंग किती जाड असतो?

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. कारखान्यात पत्रा स्वच्छ करून त्यावर आधी फॉस्फेटचा लेप दिला जातो. मग संपूर्ण बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो. त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे लाखोंच्या गाडीचा पत्रा आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक-दीड कागदाएवढंच अंतर असतं.

यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच असते आणि उन्हापासून खालच्या रंगाचं संरक्षणही तोच करतो. ओरखडा क्लिअर कोटपुरता असेल, तर पॉलिश करून तो कमी करता येतो. पण प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोटचाच थोडा भाग घासला जातो. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर पॉलिश हा उपाय फार वर्षं चालत नाही.

चिखल नेमकं काय करतो?

चिखल दिसायला मऊ असतो. पण त्यात माती, वाळू आणि दगडाचे बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्ज मापनावर वाळूतला क्वार्ट्झ ७ वर येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातली प्रमुख खनिजं साधारण ५ ते ६ च्या घरात आहेत. क्लिअर कोट हा शेवटी एक प्रकारचा प्लास्टिकसारखा पदार्थ. या कणांपुढे तो मऊच ठरतो.

ओला चिखल अंगावर उडाला म्हणून रंग लगेच खराब होत नाही. खरं नुकसान होतं तो वाळल्यावर पुसला जातो तेव्हा. फडक्याखाली अडकलेले कण सँडपेपरचं काम करतात. गाडीवर उन्हात दिसणाऱ्या गोल-गोल रेषा बहुतेक वेळा जंगलातल्या नसतात, त्या पार्किंगमध्ये पडलेल्या असतात.

मातीचा प्रकारही महत्त्वाचा. कोकण आणि घाटमाथ्यावरच्या जांभ्याच्या मातीला तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. तिचे अतिशय बारीक कण पांढऱ्या गाडीवर, प्लास्टिकच्या खरखरीत भागांवर आणि रबरी पट्ट्यांत बसले की तांबूस झाक राहते. देशावरची काळी माती वेगळी. ती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वाळल्यावर ढेकळासारखी घट्ट होते. चाकाच्या आतल्या भागात ती बसली की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही.

यापेक्षा मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. चिखल पाणी धरून ठेवतो. बाहेरून गाडी कोरडी दिसते, पण व्हील आर्चच्या आत, दाराखालच्या पट्टीत, चॅसीच्या कोपऱ्यांत साचलेला चिखल कित्येक दिवस ओला राहतो. जिथे टवका उडून पत्रा उघडा पडलाय, तिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. गंज सुरू व्हायला तेवढं पुरेसं असतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो आजूबाजूचा रंग आतून उचलतो आणि रंगाला फोड येतात. फोड दिसतो तोवर गंज आत पसरलेला असतो.

त्यात मीठ मिसळलं, तर हा वेग आणखी वाढतो. म्हणूनच समुद्राच्या वाळूत गाडी घालणं रंग आणि पत्रा दोन्हींसाठी सर्वांत वाईट. अनेक किनाऱ्यांवर वाहन न्यायला मनाई आहे, हा भाग वेगळाच.

खडी कुठे आणि कशी लागते?

चिखल हळूहळू नुकसान करतो, खडी एका क्षणात. टायरच्या खाचेत अडकलेला खडा चाक फिरताना सुटतो आणि गोळीसारखा उडतो. आपल्याकडची खडी मुख्यतः काळा पाषाण फोडून केलेली असते. नदीतल्या गोट्यांसारखी ती गुळगुळीत नसते, तिला धारदार कडा असतात.

इथे वेगाचा हिशेब महत्त्वाचा आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० च्या वेगाऐवजी ८० च्या वेगाने खड्यावर आदळलात, तर फटका दुप्पट नाही, चौपट बसतो. त्यामुळे खडीचं बरंचसं नुकसान दगडधोंड्यांच्या ट्रेलवर होतच नाही. तिथे गाडी माणसाच्या चालीने जात असते. नुकसान होतं ते ट्रेलपर्यंत पोहोचवणाऱ्या अर्धवट रस्त्यांवर, रुंदीकरणाच्या कामांजवळ आणि पुढच्या डंपरच्या मागे चिकटून गाडी चालवताना.

खडीचा मार खाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत:

- बोनेटची पुढची कड आणि बंपर
- काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि काचेवरची चौकट. थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या चौकोनी गाड्यांची काच उभी असते, त्यामुळे इथे मार जास्त
- पुढच्या चाकामागचा भाग आणि दाराखालची पट्टी
- मागच्या चाकापुढची कमान

शेवटच्या दोन जागांवरचा मार आपल्याच टायरचा असतो. इथे मॉडिफिकेशनची हौस आडवी येते. रुंद टायर फेंडरच्या बाहेर आले की प्रत्येक खडा थेट दारावर येतो. कंपनीने दिलेला प्लास्टिकचा व्हील आर्च हा फक्त दिखाव्यासाठी नसतो, टायर त्याच्या आत राहावा असा त्याचा हिशेब असतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती अधोरेखित केली होती. पुढून खडी लागू नये म्हणून लोखंडी बुल बार लावायचा विचार असेल, तर त्यावर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत.

झुडपांचे ओरखडे

सह्याद्रीतल्या वाटांवर तिसरा शत्रू भेटतो. करवंदाच्या जाळ्या, घाणेरी, बाभळीच्या फांद्या. अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंनी त्या घासत जातात आणि दारांवर लांबच लांब आडव्या रेषा पडतात.

हे ओरखडे किती खोल आहेत, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. धुतलेल्या, कोरड्या गाडीवर ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा क्लिअर कोटच्या वरच्या भागात आहे आणि पॉलिशने तो बराचसा जाऊ शकतो. नख अडकलं, तर तो खोल आहे. तळाशी राखाडी किंवा चंदेरी रंग दिसला, तर प्रायमर किंवा पत्रा उघडा पडलाय आणि तिथे आळस परवडणारा नाही.

पीपीएफ, सिरॅमिक, वॅक्स: कोण काय करतं?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण तिन्हींची जाहिरात "पेंट प्रोटेक्शन" म्हणूनच होते.

पीपीएफ: पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक, लवचिक फिल्म. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या पॉलियुरेथेनची असते आणि साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. म्हणजे रंगाच्या सगळ्या थरांपेक्षाही जाड. या फिल्मचं मूळ युद्धात आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि दगडांपासून वाचवण्यासाठी अशा पॉलियुरेथेन टेपचा वापर झाला. पुढे ती रेसिंगच्या गाड्यांवर आली आणि मग रस्त्यावरच्या.

खड्याचा आघात शोषून घेणारा पर्याय हाच. फिल्मच्या वरच्या थरावर पडलेल्या बारीक रेषा उन्हाच्या किंवा कोमट पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. पण फिल्म आरपार फाटली, तर ती आपोआप जुळत नाही. स्वस्तात मिळणारी पीव्हीसी फिल्म लवकर पिवळी पडते, त्यामुळे फिल्म टीपीयूची आहे का, हे बिलावर लिहून घेतलेलं बरं.

सिरॅमिक कोटिंग: हा द्रवरूप लेप असतो आणि वाळल्यावर त्याचा थर काही मायक्रॉनचाच उरतो. पाणी आणि घाण त्यावर कमी चिकटते, त्यामुळे चिखल लवकर निघतो आणि धुताना कमी घासावं लागतं. ऑफ-रोडरसाठी त्याचा खरा फायदा हाच. पण इतका पातळ थर खडा अडवू शकत नाही. जाहिरातीत येणारं "नाइन एच" हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे. त्याचा अर्थ "दगड लागला तरी काही होत नाही" असा नाही.

वॅक्स आणि सीलंट: सिरॅमिकसारखंच काम, पण कमी टिकाऊ आणि बरंच स्वस्त. वॅक्स काही आठवड्यांत उतरतं, सीलंट थोडं जास्त टिकतं. घरी लावता येतं.

थोडक्यात, खडीसाठी पीपीएफ आणि चिखल सहज निघावा यासाठी सिरॅमिक किंवा वॅक्स. सिरॅमिक करून घेतलंय म्हणून खडीच्या रस्त्यावर वेग वाढवणं म्हणजे रेनकोट घातलाय म्हणून नदीत उडी मारण्यासारखं आहे.

मग पैसे कुठे घालायचे?

पूर्ण गाडीला चांगली पीपीएफ लावायची तर खर्च लाखाच्या घरात किंवा त्यावर जातो. प्रत्येकाला त्याची गरज नसते. वर सांगितलेल्या मार खाणाऱ्या जागांपुरतीच फिल्म लावली, तर खर्च बराच कमी होतो आणि फायदा मोठा मिळतो. दाराखालची पट्टी, मागच्या चाकापुढची कमान, दाराच्या मुठीमागची खोबण आणि बोनेटची पुढची कड, इथून सुरुवात करता येते.

त्याआधीही एक गोष्ट येते, ती म्हणजे मडफ्लॅप. काही शे ते काही हजार रुपयांत चारही चाकांना बसणारे हे रबरी पडदे आपल्याच टायरची खडी आणि चिखल अडवतात. मागून येणाऱ्या गाडीची काचही वाचते.

पीपीएफ लावताना दोन काळज्या घ्याव्या लागतात. गाडीचा तो भाग आधी डेंटिंग-पेंटिंग करून रंगवलेला असेल, तर फिल्म काढताना रंगही निघू शकतो. आणि फिल्मच्या कडांवर प्रेशर गन जवळून मारली, तर कड उचकटते आणि तिच्याखाली चिखल शिरतो. रंगच बदलणारी फिल्म लावायची असेल, तर त्याची आरसीवर नोंद करावी लागते. पारदर्शक फिल्मला हा प्रश्न येत नाही.

ट्रेलवरून आल्यावर गाडी धुवायची कशी?

महागड्या कोटिंगपेक्षा धुण्याची योग्य पद्धत रंगाला जास्त वाचवते.

१. शक्य असेल तर त्याच दिवशी, चिखल ओला असतानाच धुवा. वेळ नसेल, तर निदान पाण्याचा जोरदार फवारा मारून मोठा चिखल उतरवा.

२. चिखल वाळला असेल, तर आधी पाण्याने भिजवा आणि दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. खरवडू नका. बोनेट तापलेलं असेल किंवा गाडी कडक उन्हात असेल, तर ती सावलीत आणून गार होऊ द्या.

३. सुरुवात चाकं, व्हील आर्च आणि गाडीच्या खालच्या बाजूने करा. वरचा भाग आधी धुतला, तर खालचा चिखल पुन्हा त्यावर उडतो.

४. प्रेशर गनची धार पंख्यासारखी पसरट ठेवा आणि पत्र्यापासून फूटभर तरी लांब धरा. रेडिएटरच्या जाळीवर, वायरिंगवर आणि रंग उडालेल्या जागी थेट धार मारू नका.

५. चिखल पूर्ण उतरल्यावरच हात लावा. त्यासाठी गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बादल्या घ्या. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खळबळून घ्यायला साधं पाणी. छतापासून सुरू करून खाली या. खालच्या पट्टीसाठी वेगळं फडकं ठेवा.

६. दारांच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. ती चिखलाने बुजली असतील, तर मोकळी करा. ती बंद राहिली, तर दार आतून गंजतं.

७. स्वच्छ मायक्रोफायबरने कोरडी करा आणि मग एक छोटी फेरी मारा. उरलेलं पाणी निघून जातं आणि ब्रेकही कोरडे होतात.

सर्रास होणाऱ्या चुका

- कोरड्या फडक्याने पुसणं: गाडी पुसायला येणाऱ्याला स्पष्ट सांगा, की ट्रेलवरून आलेली गाडी धुतल्याशिवाय पुसायची नाही.
- डिझेल मारणं: काही वॉशिंग सेंटरवर गाडीखाली चमक यावी म्हणून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारतात. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि धूळही जास्त चिकटते. नको म्हणून सांगा.
- कपडे धुण्याची पावडर वापरणं: तिने चिखलासोबत वॅक्सही निघून जातं.
- चिखलावरच अंडरबॉडी कोटिंग मारणं: काळा डांबरी लेप देण्याआधी खालची बाजू पूर्ण स्वच्छ आणि कोरडी असायला हवी. ओल आत राहिली, तर लेपाखाली गंज वाढत राहतो आणि तो दिसतही नाही.
- चिखलाच्या गाडीवर कव्हर घालणं: वाऱ्याने कव्हर हलतं, कण घासतात आणि आत ओल कोंडते.
- नदीत गाडी धुणं: ऑइल, ग्रीस आणि साबण थेट पाण्यात जातात. खाली कुठल्या तरी गावाचं पिण्याचं पाणी तेच असतं.

टवका उडालाच तर?

पत्रा दिसत असेल, तर पावसाळ्यात काही दिवसांतच त्यावर तांबूस डाग दिसू लागतो. तोवर थांबू नका. ती जागा धुऊन कोरडी करा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच घासून काढा, प्रायमरचा ठिपका द्या, वाळल्यावर गाडीच्या रंगाचा टचअप आणि शेवटी क्लिअर कोट. रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर मिळतो. तेवढ्यासाठी सामान जवळ नसेल आणि पाऊस सुरू असेल, तर कोरड्या जागेवर तात्पुरती पारदर्शक टेप लावली, तरी पाणी अडतं. हा ठिपका जवळून दिसेल, हे खरं. पण उद्देश सौंदर्य नसून गंज थांबवणं हा आहे.

अशा टवक्यांसाठी विम्याचा क्लेम करावा का? आधी गणित करा. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो. एका दाराच्या पेंटिंगसाठी तो घालवणं अनेकदा तोट्याचं ठरतं. खडीने उडणारे टवके सहसा कंपनीच्या वॉरंटीत बसत नाहीत. आणि शर्यत किंवा वेगाच्या चाचणीत गाडी वापरली, तर नेहमीची पॉलिसी लागू होत नाही. एखाद्या ऑफ-रोड इव्हेंटमध्ये नाव नोंदवण्याआधी पॉलिसीतलं हे कलम वाचून घ्या.

शेवटी

ऑफ-रोड गाडीवर एकही ओरखडा नको असेल, तर ती घरीच उभी ठेवावी लागेल. करवंदाच्या जाळीतून गेलेल्या गाडीवर रेषा पडणारच. त्यातल्या बहुतेक रेषा क्लिअर कोटपुरत्या असतात आणि त्याने गाडीचं काहीही बिघडत नाही. लक्ष द्यायचं ते दोनच गोष्टींकडे: उघडा पडलेला पत्रा आणि साचलेला चिखल. पाच-सात वर्षांनी गाडी विकायला काढाल, तेव्हा जाणकार गिऱ्हाईक बोनेटवरच्या रेषा पाहत बसणार नाही. तो खाली वाकून टॉर्च लावेल आणि व्हील आर्चच्या आत हात घालून बघेल.

त्यामुळे पुढच्या रविवारी रील अपलोड करायला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. आधी पाइप लावा आणि चाकांच्या आतला चिखल उतरवा.